वेळ ‘लागला’ की ‘लावला’?

या वेळी बदलापूरच्या एका ताईंचं पत्र घेतलंय. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय म्हणून देत नाही. पत्र बरंच लांब होतं, मी थोडं कमी केलंय, शब्द मात्र त्यांचेच आहेत.

“मॅडम, माझं वय ४३. शाळा मराठी मीडियमची, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पुढे बी.कॉम. केलं आणि आता ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या वर्षापासून आमच्या टीमकडे बाहेरच्या देशातल्या क्लायंटचं काम आलं, त्यामुळे दर सोमवारी कॉल असतो आणि प्रत्येकाने आपापल्या कामाचं सांगायचं असतं. मागच्या महिन्यात बँकेची स्टेटमेंट्स उशिरा आली आणि रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा आणि आमचा हिशेब जुळवणं, ते करायला तीन दिवस गेले. मी कॉलवर म्हटलं, ‘आय टुक थ्री डेज.’ तिकडचे साहेब लगेच म्हणाले, ‘व्हाय डिड यू टेक थ्री डेज?’ माझं तोंडच बंद झालं. सगळे ऐकत होते. घरी येऊन मुलाला सांगितलं, तो सातवीत आहे, इंग्लिश मीडियम, तो म्हणाला आई, ‘इट टुक मी थ्री डेज’ म्हणतात. मी विचारलं यातलं ‘इट’ म्हणजे कोण? तर म्हणे असंच असतं. मला असंच असतं हे उत्तर नको आहे मॅडम. हे ‘इट’ कुठून येतं, कधी घालायचं, आणि मला हे सगळं जमायला अजून किती दिवस लागतील की आता या वयात उशीर झालाय, ते खरं खरं सांगा.”

ताई, आधी एक गोष्ट सांगते, तुमचं वाक्य व्याकरणाने चुकलेलं नव्हतं. ‘आय टुक थ्री डेज’ असं इंग्रजीत म्हणतात, इंग्रज माणूससुद्धा म्हणतो. मुलाने सांगितलेलं वाक्य त्या ठिकाणी जास्त शोभलं असतं हेही खरं. पण या दोन वाक्यांतला फरक बरोबर आणि चूक असा नाहीये, तो वेगळाच आहे, आणि तो तुम्हाला लहानपणापासून येतोय, फक्त मराठीत.

बघा, समजा मुलाला तुम्ही कोपऱ्यावरून दूध आणायला पाठवलं आणि तो पाऊण तासाने आला. दारातच तुम्ही विचारणार, “एवढा वेळ का लावलास?” आणि तो चप्पल काढता काढता म्हणणार, “मी कुठे लावला, लागला! गर्दी होती दुकानात.” लागला आणि लावला. एका अक्षराचा खेळ आहे पण भांडण सगळं त्याच्यावरच चाललंय ना? लावला म्हटलं की वेळ मी घेतला, माझ्या हातात होतं, मी रेंगाळले. लागला म्हटलं की कामाने वेळ घेतला, मी करत होते पण ते तेवढ्या वेळाचंच होतं. मराठी घरातल्या चार वर्षांच्या पोरालासुद्धा हा फरक कळतो, त्याला कोणी शिकवलेला नसतो.

आता तुमची दोन वाक्यं याच्या शेजारी ठेवा. ‘आय टुक थ्री डेज’ हे ‘मी तीन दिवस लावले’ याच्या जवळ जातं. ‘इट टुक मी थ्री डेज’ म्हणजे ‘मला तीन दिवस लागले’. अगदी तंतोतंत नाही म्हणणार मी, कारण ‘आय टुक’मध्ये दर वेळी दोष असतोच असं नाही, कोणी साधेपणानेही बोलतं, पण कर्त्याच्या जागी तुम्ही स्वतःला बसवलंत की ऐकणाऱ्याचं लक्ष तुमच्याकडे जातं. साहेबांनी तुमचंच वाक्य उचललं आणि त्याला फक्त ‘व्हाय’ लावलं. मला नाही वाटत त्यांनी तुम्हाला सुनावलं. तुम्ही ‘इट टुक थ्री डेज’ म्हटलं असतंत तर त्यांच्या तोंडून बहुतेक ‘व्हाय डिड इट टेक थ्री डेज?’ असं आलं असतं, म्हणजे ‘तीन दिवस का लागले?’, आणि त्याचं उत्तर तर तुमच्याकडे तयारच होतं की, स्टेटमेंट्स उशिरा आली. तुमची जीभ अडकली ती इंग्रजीमुळे नाही, प्रश्न तुमच्यावर आलाय असं वाटल्यामुळे अडकली.

आता ते ‘इट’ कोण.

मुलाला असंच असतं म्हणावंसं वाटलं यात त्याचा दोष नाही, शाळेत बहुतेक एवढंच सांगतात. पण उत्तर आहे. पूर्ण वाक्य घ्या, ‘इट टुक मी थ्री डेज टू फिनिश द रिकन्सिलिएशन’. यात वेळ कशाने घेतला? रिकन्सिलिएशन पूर्ण करण्याने. म्हणजे खरा कर्ता वाक्याच्या शेवटी बसलाय, ‘टू फिनिश द रिकन्सिलिएशन’ हा सगळा तुकडा. तो पुढे आणून ‘टू फिनिश द रिकन्सिलिएशन टुक मी थ्री डेज’ असं केलं तर व्याकरणात बसेल पण बोलायला फार जड होतं, डोकं मोठं आणि पाय बारीक. इंग्रजीला जड तुकडा शेवटी ठेवायला आवडतं. मग पुढची जागा रिकामी राहते, आणि इंग्रजी वाक्यात कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे ‘इट’ येऊन बसतं. एसटीत खिडकीवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. माणूस मागून येतोय, रुमाल सांगतो की जागा घेतलीय. ‘इट’ म्हणजे तो रुमाल आणि मागून येणारा माणूस म्हणजे ‘टू फिनिश द रिकन्सिलिएशन’.

आपल्याला हे विचित्र वाटतं कारण मराठीला कर्ता नसला तरी चालतं. ‘उकडतंय’ हे एका शब्दाचं अख्खं वाक्य आहे. कोण उकडतंय? कोणी नाही. उजाडलं, सांजावलं, मळमळतंय, गडगडतंय, शाळेत आपण यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणायचो, दोन मार्कांना यायचं. इंग्रजीत यातल्या बहुतेकांना ‘इट’ लागतं. इट्स हॉट, इट्स थंडरिंग, आणि तसंच इट्स लेट, इट्स फाइव्ह ओ’क्लॉक. आपण पाच वाजले म्हणतो, वाजणारे पाच असतात, इंग्रजीला मात्र तिथे ‘इट’ पाहिजे. तर जिथे जिथे मराठीत तुम्हाला ‘कोण?’ विचारल्यावर उत्तर सापडत नाही तिथे इंग्रजीत ‘इट’ येईल का हे बघायची सवय लावून घ्या, पुष्कळदा येतं.

आणि ‘मला’चं ‘मी’ होतं तेवढं जपा. मराठीतला मला हा इंग्रजीतला मी आहे, आपल्या ‘मी’शी उच्चार सारखा आणि अर्थ वेगळा, त्यामुळे गोंधळ होतो. मला लागले, इट टुक मी. तिला लागले, इट टुक हर. आम्हाला लागले, इट टुक अस. चांद्रयान-३ ला चंद्रावर उतरायला ४० दिवस लागले, १४ जुलै २०२३ ला निघालं आणि २३ ऑगस्टला उतरलं, तर ‘इट टुक चांद्रयान-थ्री फॉर्टी डेज टू लँड ऑन द मून’. आपल्या वाक्यातला ‘ला’ जिथे लागलाय तो शब्द ‘टुक’च्या लगेच नंतर, आणि आपलं ‘उतरायला’, ‘पोचायला’, ‘करायला’ यातलं ‘-ायला’ म्हणजे इंग्रजीतलं ‘टू’. फॉर लँडिंग नाही, टू लँड. आपल्याकडे ‘इट टेक्स टाइम फॉर गोइंग’ असं खूप लोक म्हणतात, कारण ‘जाण्यासाठी’ डोक्यात असतं. ‘जायला’ डोक्यात आणा, ‘टू गो’ आपोआप येईल.

अजून एक जागा आहे जिथे आपण घसरतो. मराठीत लागणे हे आधीच्या शब्दाप्रमाणे बदलतं, वेळ लागतो, मेहनत लागते, तास लागतात, वर्षं लागली. इंग्रजीत कर्ता ‘इट’ आहे आणि तो एकटाच आहे, त्यामुळे तास दोन असू देत नाहीतर दोनशे, ‘टेक्स’च राहणार. ‘टू अवर्स टेक’ नाही आणि ‘इट टेक’ पण नाही. होऊन गेलं असेल तर टुक, पुढे व्हायचं असेल तर विल टेक, आणि काम अजून चालूच आहे आणि अंदाजापेक्षा लांबलंय तर ‘इट्स टेकिंग लाँगर दॅन आय एक्स्पेक्टेड’, हे वाक्य ऑफिसात सोन्यासारखं आहे, पाठ करा.

आता मी जरा थांबणार आहे ‘लागणे’ या शब्दापाशी, कारण तुमच्या पत्रात तुम्ही पुढे लिहिलंय की मुलाने सांगितल्यावर तुम्ही सगळीकडे ‘इट टेक्स’ घालायला लागलात आणि एकदा ‘इट टुक मी हंगर’ म्हणालात. ताई, यात लाजण्यासारखं काही नाही, उलट मला तुमचं कौतुक वाटलं कारण तुम्ही नियम पकडून तो वापरून बघत होतात, शिकणारा माणूस असाच शिकतो. अडचण आपल्या शब्दाची आहे. लागणे हे मराठीतलं किती कामाचं क्रियापद आहे बघा. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, घाटात गाडी लागते, प्लॅटफॉर्मवर गाडी लागते ती वेगळी, नंबर लागतो, निकाल लागतो, शोध लागतो, कैरी आंबट लागते, नाद लागतो, आणि ‘मला जावं लागतं’ यातलं लागणं तर अजूनच निराळं, तिथे ‘आय हॅव टू गो’. यातल्या एकालाही ‘इट टेक्स’ चालत नाही. भुकेला ‘आय ॲम हंग्री’, आंबट लागण्याला ‘इट टेस्ट्स सावर’, ठेच लागली तर ‘आय स्टब्ड माय टो’, प्रत्येकाचा वेगळा मार्ग.

मग ओळखायचं कसं? मी माझ्या वर्गात एक खूण सांगते. विचारा, इथे काही खर्च होतंय का? वेळ, कष्ट, धीर, माणसं, असं काहीतरी एखाद्या कामात घालावं लागतंय का? घालावं लागत असेल तर ‘इट टेक्स’. पोचायला दोन तास लागले, इथे दोन तास खर्च झाले. भूक लागली, इथे भूक खर्च झाली नाही, ती आली. झोप लागली, तीही आली. पण ‘झोप लागायला तास लागला’ म्हटलं तर? यात दोन लागणे आहेत, पहिलं झोपेचं आणि दुसरं वेळेचं, आणि दुसऱ्यालाच फक्त टेक लागतं, ‘इट टुक मी ॲन अवर टू फॉल अस्लीप’. दह्याचंही तसंच, दही लागायला सहा तास लागतात. किती गोड वाक्य आहे हे मराठीत, आणि इंग्रजीत पहिलं लागणं ‘सेट’ होतं आणि दुसरं ‘टेक’, ‘इट टेक्स अबाउट सिक्स अवर्स फॉर द कर्ड टू सेट’.

एक सापळा मात्र खास आहे, त्यात माझे चांगले चांगले विद्यार्थी अडकलेत. ‘तो जेवायला लागला’ आणि ‘त्याला जेवायला तास लागला’. दोन्हीकडे जेवायला आहे, दोन्हीकडे लागला आहे. पण पहिल्यात त्याने जेवायला सुरुवात केली, ‘ही स्टार्टेड ईटिंग’, आणि दुसऱ्यात तासभर गेला, ‘इट टुक हिम ॲन अवर टू ईट’. पाऊस पडायला लागला, इट स्टार्टेड रेनिंग. ‘जेवायला’ आणि ‘लागला’ यांच्यामध्ये काही बसलंय का ते बघायचं, तास, दिवस, मेहनत, काहीही. मध्ये काही नसेल आणि ‘त्याला’ऐवजी नुसतं ‘तो’ असेल तर ती सुरुवात आहे. मी तर म्हणेन ही एक जोडी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पैशाचं वेगळं आहे. आपण म्हणतो पास काढायला एवढे रुपये लागले. खर्च झालाय, माझी खूण लागू पडते, पण इंग्रजीत पैशाला टेकपेक्षा कॉस्ट जवळचं, ‘इट कॉस्ट मी’ आणि मग रक्कम. ठेवण तीच आहे, इट, क्रियापद, मी, आकडा. भूतकाळातही कॉस्टच राहतं, कॉस्टेड करू नका.

आणि वेळेइतकंच हे वाक्य कष्टाचंही आहे हे विसरू नका, आपण ते फक्त घड्याळासाठी ठेवतो. गाडी ढकलायला चार माणसं लागली, ‘इट टुक फोर पीपल टू पुश द कार’. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा चालवायला हिंमत लागली, ‘इट टुक करेज’, आणि ते ‘इट टुक करेज’ म्हणताना सावित्रीबाईंवर रस्त्यात काय काय फेकलं जायचं ते आठवलं की त्या तीन शब्दांना वजन येतं. बिहारमधल्या गेहलौरच्या दशरथ मांझींनी छिन्नी हातोडा घेऊन एकट्याने डोंगरातून वाट काढली, त्यांना २२ वर्षं लागली, १९६० ते १९८२. ‘इट टुक हिम ट्वेंटी-टू इयर्स टू कट अ पाथ थ्रू द हिल.’ इथे मला नेहमी वाटतं की ‘ही टुक ट्वेंटी-टू इयर्स’ पण बरोबरच आहे, पण ‘इट टुक हिम’ म्हटलं की डोंगर दिसतो, काम किती मोठं होतं ते दिसतं. तुमच्या त्या तीन दिवसांचंही तेच होतं ताई, काम दिसायला हवं होतं आणि ‘आय’मुळे तुम्ही दिसलात.

म्हणून ऑफिससाठी मी अजून एक सांगते, आणि हे तुमच्या मुलाच्या वाक्याच्याही पुढचं आहे. ‘मी’ पण काढून टाका. कामालाच कर्ता करा. ‘द रिकन्सिलिएशन टुक थ्री डेज बिकॉज द बँक स्टेटमेंट्स केम लेट.’ यात आय नाही, इट नाही, मी नाही, रिकन्सिलिएशनने तीन दिवस घेतले आणि का घेतले तेही त्याच दमात सांगून झालं. व्हाय विचारायला जागाच राहिली नाही. कॉलवर बोलताना कारण त्याच वाक्यात जोडायचं, मध्ये श्वास घ्यायला थांबलात की समोरचा प्रश्न विचारतो. आणि जेव्हा खरंच तुमच्याकडून उशीर झाला असेल, मेल बघायची राहून गेली, विसरलात, तेव्हा मात्र ‘इट’च्या मागे जाऊ नका, ‘सॉरी आय टुक सो लाँग’ सरळ म्हणा. मी वेळ लावला, माफ करा. दोन्ही वाक्यं भाषेत आहेत ती याचसाठी आहेत.

पुढच्या कामाचा अंदाज द्यायचा असेल तर आपल्याकडे एक सवय आहे, ‘इट विल टेक टाइम’ म्हणायचं. मराठीत ‘वेळ लागेल’ म्हटलं की समोरचा समजून घेतो. पण बाहेरच्या माणसाला त्यातून आकडा मिळत नाही आणि तो आकड्याचीच वाट बघत असतो, तो थांबून राहतो आणि तुम्हाला वाटतं हा गप्प का. ‘इट शुड टेक अबाउट टू डेज’ म्हणा, साधारण दोन दिवस लागावेत. नक्की नसेल तर ‘इट माइट टेक लाँगर’, जास्तही लागू शकतात. ‘इट वोन्ट टेक लाँग’, फार वेळ नाही लागणार. एवढ्या तीन-चार वाक्यांवर तुमचा सोमवार निघतो, मी खात्रीने सांगते, कारण त्या कॉलमध्ये बाकी विचारतात तरी काय, झालं का आणि कधी होईल.

विचारायचं असेल तर ‘हाउ लाँग विल इट टेक?’ ‘हाउ मच टाइम इट विल टेक’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, कळतं सगळ्यांना, पण विल आधी आणि इट नंतर हे उलटं करून म्हटलं की कानाला बरं लागतं. भूतकाळात ‘हाउ लाँग डिड इट टेक?’, आणि तिथे डिड आला की टुक परत टेक होतो, नकारातही तसंच, ‘इट डिडन्ट टेक लाँग’, डिडन्ट टुक नाही. आणि कधी साहेब म्हणाले ‘व्हॉट टुक यू सो लाँग?’ तर घाबरू नका, शब्दांत ‘यू’ असला तरी त्याचा अर्थ ‘एवढा वेळ कशाने लागला’ असाच आहे, तिथे व्हॉट कर्ता आहे, तुम्ही नाही. आवाजावरून कळेल रागात आहेत का ते.

सरावाचं विचारलंत. तुम्ही लिहिलंय बदलापूरहून ठाण्याला आणि तिथे गाडी बदलून ऐरोली, घरापासून ऑफिसपर्यंत पावणेदोन तास. क्लास लावायला वेळ नाही हे मला पटलंय, नका लावू. पण गाडीत जे दिसतं, जे आठवतं त्याचं एक वाक्य करायचं, रोज पाच, आणि मराठीत आधी ‘मला … -ायला … लागतात’ असं म्हणून मगच इंग्रजी. घरातून स्टेशनला यायला मला पंधरा मिनिटं लागतात. ‘इट टेक्स मी फिफ्टीन मिनिट्स टू वॉक टू द स्टेशन.’ इडलीचं पीठ आंबायला रात्र जाते, ‘इट टेक्स अ होल नाइट फॉर द बॅटर टू फर्मेंट’. इथे पीठ काही मेहनत करत नाही ना, म्हणून ‘फॉर द बॅटर टू’ असं म्हणणं सोपं पडतं, नाहीतर सरळ ‘द बॅटर टेक्स अ होल नाइट’. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साधारण आठ मिनिटं लागतात, हे मुलाला विचारा, सातवीतल्या पोराला आवडेल, ‘इट टेक्स अबाउट एट मिनिट्स फॉर सनलाइट टू रीच अस’. कोकण रेल्वेचं काम १९९० ला सुरू झालं आणि जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, किती वर्षं लागली ते इंग्रजीत सांगा. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून राज्याने समिती नेमली २०१२ ला आणि दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला, तेही करून बघा, ते वाक्य करताना जरा राग येईल, येऊ दे, रागात केलेलं वाक्य लक्षात राहतं.

एवढ्यासाठी शुद्धलेखन नको, वही नको, तोंडातल्या तोंडात पुटपुटलात तरी चालेल, लोकलमध्ये कोणाचं लक्ष नसतं. एक मात्र करा, वाक्य मनात नाही, ओठांनी म्हणा. नुसतं कळलेलं वाक्य कॉलवर येत नाही, ओठांना माहीत असलेलं येतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, किती दिवस लागतील. खरं खरं सांगा म्हणालात म्हणून खरं सांगते. हे एक वाक्य पक्कं व्हायला, रोज पाच या हिशेबाने, तीन-चार आठवडे पुरतात, असं मी माझ्या वर्गातल्या मोठ्या वयाच्या बायकांमध्ये बघितलंय. सगळी इंग्रजी यायला किती, तर त्याला आकडा देणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय असं समजा. पण एक माहिती देते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवतं, आणि हिंदी शिकायला त्यांनी धरलेला काळ आहे ४४ आठवडे, वर्गातले ११०० तास. नोकरी म्हणून, पगार घेऊन, दिवसभर तेच करणाऱ्या माणसांना ११०० तास, आणि हिंदीचं लागणं म्हणजे ‘लगना’, ते आपल्यासारखंच आहे, तेसुद्धा ‘मुझे दो घंटे लगते हैं’ला तसेच अडखळत असणार जसे आपण ‘इट’ला अडखळतो, त्यांना वाटत असेल या वाक्यात कर्ता गेला कुठे. दोन्ही भाषांमधलं अंतरच तेवढं आहे. ते तुमच्या वयामुळे पडलेलं नाही आणि तुमच्या शाळेमुळेही नाही. आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आलं, तुम्ही त्याच्या आधीच्या, तुमच्या वाट्याला ते तास आलेच नाहीत. तरी तुम्ही बी.कॉम.ची पुस्तकं वाचलीत, रोज इंग्रजी मेल वाचता, लेजर इंग्रजीत लिहिता, म्हणजे तुमचे कितीतरी तास आधीच भरलेत, राहिलेत ते बोलण्याचे.

मुलाबद्दल थोडं. तो हसला असं तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय आणि मग खोडलंय, मला दिसलं ते. त्याला हे लागला-लावला सांगा. त्याला ‘इट टुक मी’ येतं पण ते का येतं ते माहीत नाही, आणि ते तुम्ही त्याला तुमच्या मराठीतून सांगू शकता, त्याच्या शाळेत ते कोणी सांगणार नाही. दह्याचं वाक्य द्या त्याला भाषांतराला. दोन लागणे बघून तो नक्की थांबेल आणि तुम्हाला विचारेल.

आणि या सोमवारी, म्हणजे हे वाचाल त्यानंतरच्या पहिल्या कॉलला, तुमची पाळी आली की एवढंच म्हणा, “धिस मंथ्स रिकन्सिलिएशन विल टेक अबाउट टू डेज. लास्ट टाइम इट टुक लाँगर बिकॉज द स्टेटमेंट्स केम लेट.” आज रात्रीपासून गाडीत, ओट्यापाशी, दहा दहा वेळा म्हणा. साहेब काय म्हणाले ते मला कळवा.